औषधाचा कागद कोणी लिहायचा?

आपल्या वस्तीतला माणूस आजारी पडला की पूर्वी सरकारी दवाखान्याची वाट धरली जाई. आज ती वाट बऱ्याच ठिकाणी नाक्यावरच्या नर्सिंग होमपाशीच थांबते. सरकारी रुग्णालयात खाट मिळत नाही, औषध बाहेरून आणायला सांगतात, म्हणून माणूस बायकोचे मंगळसूत्र गहाण टाकतो, बचत गटाचे कर्ज उचलतो आणि दहा-पंधरा खाटांच्या खाजगी रुग्णालयात पेशंट भरती करतो. चार-आठ दिवसांनी बाहेर पडताना त्याच्या हातात दोन कागद पडतात. एक चार पानी बिल आणि दुसरे एका पानाचे डिस्चार्ज कार्ड. बिलात प्रत्येक सुईचा, प्रत्येक हातमोज्याचा हिशेब असतो. मात्र त्या दिवसांत कोणते औषध, किती, किती वाजता आणि कोणाच्या हाताने पेशंटच्या अंगात गेले, याचा कागद त्याला दिसत नाही. तो मागता येतो, हेही त्याला कोणी सांगत नाही.

आज आम्ही त्या कागदाविषयी लिहिणार आहोत. हा तर डॉक्टरांचा विषय, चळवळीच्या वर्तमानपत्रात त्याचे काय काम, असे काहींना वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. नर्सिंग होमच्या खाटेवर आमचा माणूस असतो आणि त्या खाटेपाशी रात्रपाळीला उभी असलेली, औषध देणारी, चादर बदलणारी बाईही पुष्कळदा आमचीच असते. कागद खोटा निघाला तर दोघांचाही जीव जातो, एकाचा औषधाने आणि दुसरीचा आरोपाने!

नर्सिंग होम म्हणजे काय, हे आधी पाहू. युरोप-अमेरिकेत हा शब्द घरी सांभाळता न येणाऱ्या वृद्धांच्या निवासाला वापरतात. आपल्याकडे तो छोट्या खाजगी रुग्णालयाला आणि प्रसूतिगृहाला चिकटला. मुंबई नर्सिंग होम नोंदणी कायदा १९४९ सालचा आहे. आता त्याला महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणी कायदा म्हणतात. आजारी, जखमी किंवा दुर्बल झालेल्या माणसांना ठेवून घेऊन जेथे उपचार आणि शुश्रूषा होते ती जागा या कायद्याच्या व्याख्येत येते. शुश्रूषा करणाऱ्यांत प्रशिक्षित परिचारिकांचे योग्य प्रमाण नसेल तर नोंदणी नाकारता येते, असेही हा कायदा सांगतो. केंद्राने २०१० साली केलेला क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारला नाही. आपला जुनाच कायदा पुढे चालवला. ठीक आहे. जुना कायदा नीट राबवला असता तरी आमची तक्रार नव्हती.

औषध देण्यातली चूक ही फक्त गरीब देशांची गोष्ट आहे असे समजू नये. इंग्लंडमध्ये वृद्धांच्या ५५ निवासांतील २५६ जणांची औषधे तपासून केलेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. दर दहा जणांपैकी जवळजवळ सात जणांच्या औषधांत एक तरी चूक सापडली. कुठे लिहून देण्यात, कुठे दुकानातून येण्यात, कुठे देण्यात, कुठे नंतरच्या तपासणीत. अमेरिकेत अशा नर्सिंग होममध्ये सरकारी निरीक्षक औषध वाटणाऱ्या परिचारिकेबरोबर फिरतो, काय दिले ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो आणि मूळ आदेशाशी ताडून बघतो. चुका शंभरात पाच किंवा त्याहून जास्त निघाल्या तर ते नर्सिंग होम दोषी ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर इजा पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याची हाक दिली. ती पाच वर्षे केव्हाच उलटली. आमच्या तालुक्याच्या गावी असा निरीक्षक औषधाच्या ट्रेमागे फिरताना कोणी पाहिला असेल तर आम्हाला अवश्य कळवावे.

या कागदाला कोणी ड्रग चार्ट म्हणतात, कोणी ट्रीटमेंट शीट. वर पेशंटचे नाव, वय, वजन आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते. खाली औषधाचे नाव, मात्रा, तोंडाने की शिरेतून, दिवसातून किती वेळा, आणि लिहिणाऱ्या डॉक्टरची सही. बाजूला तारखांचे नि वेळांचे चौकोन. चौकोन भरण्याचा नियम साधा आहे. जिने औषध दिले तिनेच, दिल्याबरोबर, वेळ घालून सही करायची. आधी भरून ठेवायचे नाही, नंतर आठवून भरायचे नाही. औषध दिले गेले नाही तर चौकोन रिकामा सोडायचा नाही. पेशंटला उलटी झाली, पेशंट नको म्हणाला, दुकानातून औषधच आले नाही, जे असेल ते कारण लिहायचे.

प्रत्यक्षात काय चालते? सकाळी पाळी संपताना रात्रीचे सगळे चौकोन एका बैठकीत भरले जातात. रात्री दहा, दोन, सहा; एकच पेन, एकच तिरके अक्षर. दोन वाजता वीज गेलेली असो, सिस्टर खाली बाळंतपणात अडकलेली असो, कागदावर दोनचे इंजेक्शन बरोबर दोनलाच! असे कागद आम्ही पाहिले आहेत. इतका वक्तशीरपणा आपल्या रेल्वेलाही जमलेला नाही.

यात काय बिघडले, असे विचारणारे भेटतात. औषध तर दिले ना? इन्सुलिनचेच उदाहरण घेऊ, कारण साखरेचा आजार आता वस्त्यावस्त्यांत पोहोचला आहे. समजा, रात्री आठच्या सिस्टरने इन्सुलिन टोचले आणि घाईत चौकोन भरायचा राहिला. नऊ वाजता पाळी बदलली. नव्या सिस्टरने रिकामा चौकोन पाहिला आणि आपले कर्तव्य म्हणून पुन्हा टोचले. म्हातारीने रात्री जेमतेम दोन घास खाल्लेले. पहाटे घाम फुटला, शुद्ध हरपली, आणि सगळ्यांना वाटले की आजी आज शांत झोपली. एका रिकाम्या चौकोनाने हे होते.

मात्रेचा घोळ तर आणखी वेगळा. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटलीत साधारणपणे एका मिलीलिटरला ४० युनिट असतात, तर पेनमधल्या औषधात १००. सिरिंजही दोन तऱ्हेच्या, लाल टोपणाची चाळीसची आणि नारिंगी टोपणाची शंभरची. शंभरचे औषध चाळीसच्या सिरिंजने ओढले तर पेशंटला अडीचपट जाते. त्यात लिहिणाऱ्याने युनिट हा शब्द पूर्ण न लिहिता आकड्याला चिकटून नुसते इंग्रजी यू अक्षर काढले, की ते शून्यासारखे दिसते आणि दहाचे शंभर वाचले जातात. अर्धी मात्रा लिहिताना दशांश चिन्हाआधी शून्य घातले नाही तर टिंब पुसट होऊन अर्ध्याचे पाच होतात. डॉक्टरांनी औषधे जेनेरिक नावाने, वाचता येईल अशा आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असे मेडिकल कौन्सिलने २०१६ साली नियमातच घातले. आपल्या घरातला कोणताही जुना केस पेपर काढून पाहावा म्हणजे त्या नियमाचे काय झाले ते कळेल.

विदर्भातल्या वाचकांना सिकलसेल समजावून सांगायला नको. बौद्ध आणि आदिवासी समाजात हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. पुष्कळ रुग्णांना हायड्रॉक्सीयुरियाची गोळी रोज घ्यावी लागते आणि दुखणे उसळले की वेदना माणसाला उभे राहू देत नाहीत. आमच्या परिचयातल्या एका कुटुंबातील मुलगी तापाने एका खाजगी रुग्णालयात भरती झाली. भरती करताना घरी काय औषध चालू आहे, हे कोणी विचारले नाही आणि चार्टवर लिहिले नाही. तिची रोजची गोळी घरून आणलेल्या पिशवीतच राहिली. आई विचारत होती, “सिस्टर, हिची रोजची गोळी द्यायची ना?” उत्तर मिळे, “काकू, सर राऊंडला आले की विचारा.” सरांचा राऊंड दोन मिनिटांचा. रात्री मुलगी दुखण्याने कळवळू लागली तेव्हा दुखणे थांबवण्याचे इंजेक्शन शेवटचे केव्हा दिले, हे नाईटच्या मुलीला कागदावरून कळेना. पुन्हा द्यायची तिला भीती वाटली, आणि कोणीतरी म्हणाले की पोरगी नाटक करते. आमच्या लेकरांच्या वेदनेला नाटक म्हणायला या देशात फार विचार करावा लागत नाही, हे खरेच आहे. पण भरतीच्या दिवशी एक ओळ लिहिली असती आणि इंजेक्शनची वेळ नोंदलेली असती, तर ते म्हणणाऱ्याचे तोंड कागदानेच बंद केले असते.

काही जणांच्या शरीरात जी-सिक्स-पीडी नावाच्या द्रव्याची जन्मतः कमतरता असते. त्यांना हिवतापावरची प्रायमाक्वीनसारखी गोळी दिली तर रक्तपेशी फुटतात. ही कमतरता एकदा तपासणीत निघाली की ती चार्टच्या डोक्यावर लाल अक्षरांत यायला हवी. ॲलर्जीचा चौकोन त्याचसाठी असतो. तो बहुतेक ठिकाणी कोरा असतो, आणि कोरा असला की ॲलर्जी नाही असे समजायचे की कोणी विचारलेच नाही असे समजायचे, हे कळायला मार्ग नसतो.

आता खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या बाईकडे वळू. राखीव जागांमुळे आमच्या किती तरी मुली एएनएम, जीएनएम झाल्या, नर्सिंग कौन्सिलकडे त्यांची नावे नोंदली गेली, त्यांनी घरे उभी केली. पण खाजगी नर्सिंग होममध्ये सगळ्याच सिस्टर नोंदणीकृत नसतात. दहावी-बारावी झालेली गरजू मुलगी ठेवायची, चार महिन्यांत सलाईन लावायला शिकवायचे, पांढरा ड्रेस चढवला की झाली सिस्टर. वृद्धांच्या निवासात ब्युरोमार्फत आलेली बाई बारा-बारा तास असते. डबीतल्या गोळ्या तीच देते आणि तिला त्यावरची इंग्रजी अक्षरे वाचता येतात की नाही, हे कोणी विचारत नाही. घाण उचलायला मावशी, आणि रात्री माणूस कमी पडला की इंजेक्शन द्यायलाही तीच मावशी. पगार मात्र घाण उचलण्याचा!

रात्री पंधरा खाटांना एक मुलगी असते. डॉक्टर घरून फोनवर सांगतात, अमुक इंजेक्शन दे. ती देते. सकाळी पेशंट दगावला की डॉक्टर म्हणतात, मी असे सांगितलेच नव्हते. कागदावर काय आहे? काहीच नाही. म्हणून आमच्या नर्सिंगच्या मुलींना आमचे कळकळीचे सांगणे आहे. फोनवर मिळालेला आदेश तिथल्या तिथे लिहावा, लिहिलेले फोनवरच परत वाचून दाखवावे, किती वाजता कोणी सांगितले ते घालावे आणि डॉक्टर आले की पहिली सही त्यावर घ्यावी. मालकाला राग येईल. येऊ द्या. मागची तारीख घालून चौकोन भर, असे कोणी सांगितले तर भरू नये, कारण त्या चौकोनात सही आपली असते, सांगणाऱ्याची नसते. नोव्हेंबर २०२१ मध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून रुग्ण मेले, तेव्हा पहिली अटक झाली ती एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. ते प्रकरण आगीचे होते, औषधाचे नव्हते. पण इमारतीत काहीही घडो, पोलिसांची गाडी आधी कोणासाठी येते, ते त्यातून दिसले.

खोट्या नोंदीला आणखी एक बाजू आहे, ती पैशाची. एप्रिल-मे २०२१ मध्ये रेमडेसिव्हीरसाठी लोक रात्र रात्र रांगेत उभे होते. त्याच दिवसांत नागपूरसह अनेक शहरांत रुग्णालयातलेच कर्मचारी ते इंजेक्शन काळ्या बाजारात विकताना पकडले गेले. पेशंटच्या नावाचे औषध बाहेर विकायचे असेल तर ते पेशंटला दिले असे कोठे तरी दाखवावेच लागते. बिलात वीस बाटल्या आणि चार्टवर बारा वेळा दिल्याच्या सह्या, अशी तफावत असेल तर उरलेल्या आठ कुठे गेल्या, हे विचारण्याचा अधिकार पैसे देणाऱ्याला आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत भरती असूनही नातेवाइकांकडून बाहेरून औषधे आणवली जातात, तेथेही हेच. बाहेरच्या दुकानाचे बिल जपून ठेवावे आणि ते औषध चार्टवर आले का ते पाहावे.

डॉक्टर मंडळी म्हणतात, आमच्याकडे माणसे कमी, पेशंट जास्त, लिहीत बसलो तर उपचार कोण करणार? यात काही खरे आहे, हे आम्ही नाकारत नाही. लहान गावात एकटा डॉक्टर दिवसरात्र राबतो, सरकार त्याला काही देत नाही. पण एका औषधामागे एक सही करायला जितका वेळ लागतो तितका वेळ नसेल, तर बिल छापायला तो कोठून येतो? बिलाच्या संगणकाला माणूस मिळतो आणि रात्रपाळीला दुसरी सिस्टर मिळत नाही, ही पैशाची निवड आहे, वेळेची नव्हे.

आमच्याच लोकांना एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. पेशंट दगावला की वस्तीतली पोरे जमतात, काचा फोडतात, डॉक्टरच्या अंगावर धावून जातात. महाराष्ट्रात २०१० सालापासून यासाठी वेगळा कायदा आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पोरे आत जातात, त्यांची नोकरीची वये कोर्टाच्या तारखांत संपतात. ज्याने चूक केली तो दुसऱ्या दिवशी तक्रारदार होतो. आणि त्या गोंधळात केस पेपर सावकाश, शांतपणे, नव्याने लिहून काढायला रात्रभर वेळ मिळतो! ज्या घडीला काच फुटते त्याच घडीला पुरावा हातचा जातो, हे आमच्या कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावे. त्या रात्री कागद हातात असणाऱ्यालाच पुढे काही करता येते.

आणि कागद मिळतो. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले आहे की रुग्णाला किंवा त्याच्या नातेवाइकाला केस पेपरची प्रत नाकारता येत नाही. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे भरती असलेल्या रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपाव्या लागतात आणि मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत द्याव्या लागतात; न देणे हे गैरवर्तन धरले जाते. ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम आले आणि त्याच महिन्यात स्थगितही झाले, तेव्हा २००२ चेच नियम लागू आहेत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेत तर भरती असतानाही शक्यतो २४ तासांत प्रत द्यावी असे म्हटले आहे. महाराष्ट्राने जानेवारी २०२१ मध्ये नर्सिंग होमचे नियम बदलून रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. पुढच्या वेळी पेशंटला भेटायला जाल तेव्हा गणपतीच्या तसबिरीशेजारी ती सनद आहे का, तेवढे बघून या.

अक्षरे न कळण्याची अडचण मोठी नाही. चार्टवर ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, क्यूआयडी चारदा, एचएस झोपताना आणि एसओएस म्हणजे गरज पडली तरच. एवढी सहा अक्षरे विहारात एखाद्या रविवारी वस्तीतल्याच नर्सिंगच्या मुलीने फळ्यावर लिहून समजावली तर अर्ध्या तासाचे काम आहे. पेशंटपाशी बसणाऱ्याने एक दहा रुपयांची वही ठेवावी. भरतीच्या वेळी घरची सगळी औषधे पाकिटासकट दाखवावीत आणि ती कागदावर चढली का ते विचारावे. सुई टोचताना, “सिस्टर, हे कोणते औषध?” असे आदराने विचारावे, नाव आणि वेळ वहीत टिपावी. चांगली सिस्टर यावर रागावत नाही. उलट तिला दुसरा डोळा मिळतो.

पेशंट घरी आला किंवा दुर्दैवाने आला नाही, दोन्ही वेळा अर्ज साध्या मराठीत करावा. पेशंटचे नाव, भरतीची आणि सुटीची तारीख, आणि मागणी अशी: संपूर्ण इनडोअर केस पेपर, ड्रग चार्ट, नर्सच्या नोंदी, तपासण्यांचे अहवाल आणि औषधांच्या बिलांसह प्रती मिळाव्यात. नुसता “रिपोर्ट द्या” असा अर्ज केला तर डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स हातावर ठेवतात, म्हणून प्रत्येक कागदाचे नाव घालावे. झेरॉक्सचे पैसे मागितले तर द्यावेत आणि पावती घ्यावी. नकार दिला तर ॲलोपॅथीच्या डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आणि नर्सिंग होमविरुद्ध नोंदणी करणाऱ्या महापालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या आरोग्य खात्याकडे तक्रार करता येते. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच ठरवले आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, पण तक्रार दोन वर्षांत करावी लागते. अर्ज दोन प्रतींत करावा आणि आपल्या प्रतीवर पोच घेताना सही-शिक्क्याबरोबर तारीख आणि वेळही लिहून घ्यावी, कारण ७२ तास त्या वेळेपासून मोजायचे असतात.